आधी वर्दी, मग खेळ

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून लष्करात जाणारा मुलगा सहसा खेळाडू म्हणून जात नाही, तो नोकरीसाठी जातो. निरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात आले, पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे साखर कारखाने उभे राहिले आणि कालव्याखालची गावे बागायती झाली. बारामतीचा सुपे-मोरगावकडचा पट्टा आणि इंदापुरातली कालव्याच्या टप्प्याबाहेरची गावे मात्र पावसावरच राहिली. भरतीची ओढ या जिरायत गावांत जास्त. दोन एकर कोरडवाहू आणि दोन भाऊ असे घर असेल, तर एकाने फौजेत जावे हा हिशेब घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सुट्टीवर आलेला शिपाईसुद्धा गावात ‘मेजर’ असतो. त्याच्या घरावर स्लॅब पडलेला असतो आणि त्याचे लग्न लवकर जमते.

त्यामुळे या भागात धावणे ही भरतीची तयारी आहे. तालुक्याच्या गावी आणि भिगवणसारख्या बाजारपेठेत भरती अकॅडम्या निघाल्या आहेत. त्यांतली मुले पहाटे रस्त्याच्या कडेने किंवा कालव्याच्या भरावावरून रांगेने पळतात आणि आपले अंतर मीटरमध्ये नव्हे, तर ‘सोळाशे’ या एका शब्दात सांगतात. लष्कराच्या रूढ शारीरिक चाचणीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत संपवणाऱ्याला पूर्ण ६० गुण मिळत आले आहेत, दहा पुल-अप्सना ४०. याशिवाय नऊ फुटी खड्डा ओलांडायचा आणि नागमोडी बीमवरून तोल सांभाळत चालायचे. या दोन्हींना गुण नसतात, पण त्या पार पडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘ग्राउंड निघाले’ म्हणजे पहिला अडथळा गेला. मग मेडिकल, मग लेखी. आता लेखी आधी आली आहे, पण मुलांच्या बोलण्यात ग्राउंडच पहिले असते.

पुण्याच्या सैन्यभरती कार्यालयाकडे पुण्याबरोबर नगर, बीड, सोलापूर, लातूर आणि धाराशिव हे जिल्हेही आहेत. इंदापूरच्या जिरायतीतला मुलगा आणि बीडच्या आष्टी तालुक्यातला मुलगा एकाच मेळाव्यात छातीवर नंबर लावून उभे राहतात, ते यामुळे. या दोन भागांचे नाते तसे जुने आणि जरा बोचरे आहे. बीड जिल्ह्यातून दर हंगामात निघणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्या ज्या कारखान्यांवर येतात, त्यांत बारामती-इंदापूर पट्ट्यातले कारखानेही असतात. एकाच्या तालुक्यातला ऊस दुसऱ्याचे आईबाप तोडतात आणि दोघांची मुले त्याच सोळाशे मीटरवर समोरासमोर येतात.

या सहा जिल्ह्यांतून लष्करात गेलेल्यांपैकी ज्याचे नाव आज जगभरच्या मैदानांवर घेतले जाते, तो अविनाश मुकुंद साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. जन्म १३ सप्टेंबर १९९४. आईवडील थोडी शेती करून वीटभट्टीवर काम करत. शाळा सहा किलोमीटरवर होती, वाहन नव्हते, म्हणून लहानपणापासून ते अंतर चालत-पळत कापले गेले. वृत्तपत्रांनी या सहा किलोमीटरवर इतके लिहिले आहे, की तिथेच ऑलिंपिकपटू घडला असे वाटावे. पण त्या काळात मराठवाड्यातली हजारो मुले तेवढेच चालत होती. साबळे बारावीनंतर लष्करात गेला तो घराला पगार हवा म्हणून. स्टीपलचेस नावाची शर्यत असते हे त्याच्या भरतीच्या कारणांत कुठेच नव्हते.

त्याला महार रेजिमेंटची पाचवी बटालियन मिळाली. पहिली मोठी नेमणूक सियाचीनची, २०१३-१४ मध्ये. समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरच्या वर चौक्या, उणे चाळीसच्या खाली जाणारे तापमान, आणि प्रत्येक कामाला मैदानी भागाच्या दुप्पट वेळ. तिथे जवान पळत नाही. तो दोरीला बांधून घेऊन हळू चालतो, बर्फ वितळवून पाणी करतो, बूट आणि मोजे कोरडे ठेवतो, रात्री पहारा देतो. भूक मरते, झोप तुटते. त्यानंतर राजस्थानचे वाळवंट, मग २०१५ मध्ये सिक्कीम. सियाचीनच्या विरळ हवेने साबळेला दमदार केले, असे आता सांगितले जाते. ऐकायला ते छान आहे, पण पुढचा घटनाक्रम ते मानत नाही. पुढे एका दुखापतीनंतर त्याचे वजन बरेच वाढले होते आणि ते उतरवायला त्याला सरावाचे महिने खर्ची घालावे लागले. बर्फाने दिले असेल तर दम नव्हे, गैरसोयीची सवय दिली, आणि लांब पल्ल्याच्या धावपटूला तिचा उपयोग नाही असेही म्हणता येत नाही.

खेळाशी गाठ पडली ती युनिटच्या क्रॉसकंट्रीत. लष्करात पलटणीपलटणींमध्ये ही स्पर्धा दरवर्षी होते. ती सांघिक असते, म्हणजे पहिल्या काही जवानांच्या क्रमांकांवरून पलटणीचे गुण ठरतात. त्यामुळे चांगला पळणारा गडी हा सुभेदार मेजरपासून कमांडिंग ऑफिसरपर्यंत सगळ्यांच्या नजरेतला माल. त्याला पहाऱ्यातून सूट मिळते, लंगरमध्ये दूध-अंडी जास्त मिळतात, संध्याकाळच्या फॉल-इनमधून मोकळीक मिळते. साबळे २०१५ मध्ये या संघात आला तो सोबत्यांच्या आग्रहाने. पुढे तो सेनादलाच्या राष्ट्रीय पातळीवरच्या संघापर्यंत पोहोचला. लष्करातलेच प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी २०१७ मध्ये त्याला क्रॉसकंट्रीतून काढून तीन हजार मीटर स्टीपलचेसला घातले. त्यांनी ओळखले ते असे, की हा मुलगा सपाटीवर वेगवान आहेच, पण अडथळा आल्यावर त्याची लय फारशी मोडत नाही.

स्टीपलचेसमध्ये साडेसात फेऱ्या असतात, २८ वेळा लाकडी अडथळा आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच. तो एकशेदहा-चारशे मीटरच्या हर्डलसारखा लाथेने पडत नाही, पाय लागला तर धावपटूच पडतो. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटरचा, म्हणजे बरोबर बारा फूट. भरतीच्या मैदानावर जो नऊ फुटांचा खड्डा ओलांडून मुलगा सैनिक होतो, त्याहून तीन फूट जास्त, तोही दमलेल्या पायांनी, ओल्या बुटांनी आणि बारा-पंधरा जणांच्या गर्दीत.

पुरुष स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम तेव्हा गोपाल सैनी यांच्या नावावर होता. १९८१ मध्ये नोंदवलेली ८ मिनिटे ३०.८८ सेकंद ही वेळ ३७ वर्षे तशीच होती. घोट्याच्या दुखापतीने साबळेची २०१८ ची जकार्ता आशियाई स्पर्धा हुकली, आणि त्याच वर्षी भुवनेश्वरच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत त्याने ८:२९.८० वेळ देऊन विक्रम मोडला. त्यानंतर हा विक्रम दुसऱ्या कुणाकडे गेलेला नाही. साबळेच तो वारंवार खाली आणत राहिला.

२०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेतल्या प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूंच्या धडपडण्यात तो अडकला आणि पात्रतेबाहेर गेला. भारताने हरकत घेतली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली. तिथे ८:२१.३७ वेळेसह तो तेरावा आला आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता गाठली. १९५२ मध्ये गुलजारा सिंग मान हेलसिंकीत धावले होते, त्यानंतर या शर्यतीत पुरुष गटात भारताचा कोणी ऑलिंपिकला गेलेला नव्हता.

ऑगस्ट २०२२ मधला बर्मिंगहॅमचा दिवस हा या कारकिर्दीतला सर्वांत उठून दिसणारा. राष्ट्रकुल स्पर्धेच्या स्टीपलचेसमध्ये १९९४ नंतर केनियाबाहेरच्या एकाही पुरुषाला पदक मिळाले नव्हते. शर्यतीआधी तिन्ही पदके केनियाची धरून चालण्याची रीतच पडली होती. साबळेने ८:११.२० मध्ये रौप्य घेतले. सुवर्ण मिळवणारा अब्राहम किबिवोट त्याच्या पुढे होता तो सेकंदाच्या पाच शतांशांनी. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ८:१९.५० वेळेसह सुवर्ण, आणि तीन दिवसांनी पाच हजार मीटरमध्ये रौप्य. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, आणि त्याच शहरात महिनाभराने ऑलिंपिकची अंतिम फेरी, जिथे तो अकरावा आला. पुरुष स्टीपलचेसच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय. महिलांमध्ये हे २०१६ मध्ये रिओत ललिता बाबर यांनी केले होते, त्या साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या. आष्टी आणि माण, दोन्ही तालुके अवर्षणप्रवण. यावरून दुष्काळ धावपटू घडवतो असा सिद्धांत मांडण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. दुष्काळाने माणसे नोकरीच्या शोधात घराबाहेर काढली, आणि त्यांतल्या काहींना नोकरीत खेळ भेटला, इतकेच खात्रीने म्हणता येते. ललिता बाबर यांना ती नोकरी रेल्वेने दिली, साबळेला लष्कराने.

सैनिक आणि आंतरराष्ट्रीय खेळाडू असे दोन जन्म एकाच माणसाने जगण्याची परंपरा ज्या खेळात सर्वांत घट्ट आहे, तो रग्बी आपल्याकडे जवळपास अनोळखी. ब्रिटनमध्ये लष्कर आणि नौदल यांच्यातला रग्बी सामना १८७८ पासूनचा आहे. त्या परंपरेतले अलीकडचे ठळक नाव सेमेसा रोकोदुगुनी. हा फिजीचा. ब्रिटिश लष्कराने १९६१ मध्ये फिजीतून तरुणांची तुकडी भरती केली आणि पुढे हा रस्ता रुळला. त्याच वाटेने रोकोदुगुनी रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये गेला, अफगाणिस्तानात मोहिमेवर राहिला, बाथ क्लबकडून खेळला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ट्विकनहॅमवर न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंडकडून उतरला. त्याच्या आणि साबळेच्या वाटेत एक मोठा फरक आहे. फिजीतल्या मुलाच्या हातात रग्बीचा चेंडू शाळेत जाण्याआधीच असतो. रोकोदुगुनी खेळ घेऊन लष्करात गेला. साबळेला तो लष्करात सापडला.

रग्बी भारतात आला तोही पलटणींबरोबर. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात गोऱ्या शिपायांनी आणि व्यापाऱ्यांनी सामना खेळला, पुढच्या महिन्यात क्लब निघाला. खेळणारी पलटण बदलून गेल्यावर क्लब ओस पडला, तेव्हा सभासदांनी बँकेत उरलेले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवला आणि इंग्लंडला देऊन टाकला. तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या त्या कलकत्ता चषकासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही झुंजतात. भारताच्या पुरुष संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९९८ मध्ये खेळला, आणि आजही देशांतर्गत रग्बीत लष्कराच्या संघांचा दबदबा आहे. त्यात काही नवल नाही. उंच, दणकट, मार खायला न डरणारे आणि रोज सकाळी हजर असणारे पंधरा गडी एका ठिकाणी मिळण्याची सोय पलटणीइतकी दुसरीकडे क्वचितच असते. कबड्डीत पाय धरून चढाईपटू पाडणारा बारामतीचा पोरगा टॅकल शिकायला फार वेळ घेणार नाही. त्याला चेंडू मागे फेकायची सवय तेवढी लावावी लागेल.

लष्करात खेळ नव्याने शिकण्याचे याहून ठसठशीत उदाहरण नौकानयनाचे. दत्तू बबन भोकनळ नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. वडिलांबरोबर त्याने विहिरी खोदण्याची आणि दगड फोडण्याची कामे केली. वडील गेल्यावर २०१२ मध्ये तो लष्करात भरती झाला, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. उंची आणि हातांची ताकद बघून त्याला नाव वल्हवायला बसवले, तेव्हा त्याला पाण्याची भीती होती. टँकरवर जगणाऱ्या गावातल्या मुलाला पाण्याची सवय असणार कुठून? पुण्याच्या दापोडीतील लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रोइंग केंद्रात तो तयार झाला. चार वर्षांत, २०१६ मध्ये, रिओ ऑलिंपिकच्या सिंगल स्कल्स प्रकारात तो तेराव्या स्थानावर आला. त्या वर्षी आई अपघातानंतर अंथरुणाला खिळलेली, आणि लेकाला नीट ओळखतही नव्हती. २०१८ मध्ये जकार्ता-पालेम्बंग आशियाई स्पर्धेत आजारी अवस्थेत तो वैयक्तिक अंतिम शर्यतीत शेवटचा आला, आणि दुसऱ्या दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या नावेत सुवर्ण जिंकला. आदल्या दिवशी उभेही राहवत नसलेला माणूस दुसऱ्या दिवशी वल्ह्यावर बसतो, याचे श्रेय जिद्दीला देण्याची पद्धत आहे. त्यात हुकमाची सवयही धरली पाहिजे. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी हजर व्हायचे, हे लष्कर पहिल्या दिवसापासून अंगात मुरवते.

मुरलीकांत पेटकर यांची कथा चित्रपटामुळे घरोघरी गेली, म्हणून इथे थोडक्यात. सांगलीच्या पेठ इस्लामपूरचे पेटकर ईएमई दलात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागल्या, शरीराचा खालचा भाग निकामी झाला. उपचार म्हणून पाण्यात उतरवले गेले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकले. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. इतकी वर्षे का लागली, याचे समाधानकारक उत्तर कोणीही दिलेले नाही.

सैनिक-खेळाडूची नोकरी कागदावर साध्या सैनिकाचीच असते. पगार हुद्द्याप्रमाणे, पदक मिळाले की बढती. साबळे शिपाई म्हणून गेला आणि पदकांच्या जोरावर कनिष्ठ आयोगप्राप्त अधिकारी झाला. सुट्टी मात्र त्याच्या वाट्याला साध्या जवानापेक्षा कमी येते, कारण पलटणीत सुट्टीचा तक्ता असतो, शिबिरात स्पर्धांचा. गावाकडचे लग्न, यात्रा, भावकीतला दहावा चुकतो. आणि पलटणीत परत गेल्यावर सोबतचे जवान चेष्टा करतात, ‘तू तर पळायचा पगार घेतोस.’ ही चेष्टा पूर्ण खरी नाही, पूर्ण खोटीही नाही. २००१ मध्ये पुण्यात मुंढव्याजवळ आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट सुरू झाली, तेव्हापासून तिरंदाजी, मुष्टियुद्ध, कुस्ती, ॲथलेटिक्स, भारोत्तोलन अशा निवडक खेळांतल्या जवानांना आहारतज्ज्ञ, फिजिओ आणि परदेशी प्रशिक्षक मिळू लागले. साबळे पुढे अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला स्कॉट सिमन्स यांच्याकडे सरावाला गेला. मांडव्याहून सियाचीनला न्यायला भरतीचा एक मेळावा पुरला. सियाचीनहून कोलोरॅडोला जायला मध्ये पलटण, सेनादलाचा संघ, राष्ट्रीय शिबिर आणि सरकारी योजना अशा चार दारांतून जावे लागले.

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमी येथे त्याने आशियाई अजिंक्यपद जिंकले. जुलैमध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या खड्ड्यावर पडून गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. वय तेव्हा तिशीपार. या वयात अशा गुडघ्यावर परत यायला लागणारा वेळ त्याला नोकरीमुळे मिळतो, पगार थांबत नाही. खासगी प्रायोजकाच्या भरवशावर धावणाऱ्याला ही सोय नसते.

बारामती-इंदापूरच्या कालव्यावर आज सोळाशे मीटर पळणाऱ्या मुलासाठी नोकरीची अट आता बदलली आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीराची सेवा चार वर्षांची, त्यानंतर तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. सियाचीनमध्ये २०१३ साली असलेला साबळे स्टीपलचेसला लागला २०१७ मध्ये, आणि त्याचा पहिला राष्ट्रीय विक्रम झाला २०१८ मध्ये. आजच्या नियमाने तो तोवर घरी परतला असता किंवा त्या पंचवीस टक्क्यांत बसण्याची वाट पाहत असता. राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पदके घेऊन येणाऱ्यांसाठी लष्कराने हवालदार आणि नायब सुभेदार म्हणून थेट भरतीचा मार्ग ठेवला आहे, म्हणजे फिजीचा रस्ता मोकळा आहे. खेळाचा गंधही नसताना भरती झालेल्याला पलटणीने हेरायचे, दोन-तीन वर्षे चुका करू द्यायच्या आणि मग खेळ ठरवायचा, या मांडव्याच्या आणि तळेगाव रोहीच्या रस्त्याला आता वर्षे कमी पडतात. अग्निवीरांची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली. तिची चार वर्षे २०२७ च्या सुरुवातीला भरतात, आणि कायम ठेवायच्यांच्या यादीत क्रॉसकंट्रीत चमकलेल्या जवानाचे वजन किती धरायचे, हे तेव्हा प्रत्येक पलटणीला ठरवावे लागेल.